त्याच्या वाटची हजेरी

३ मे

आज हजेरीला मी दोनदा ‘आहे’ म्हटलं. एकदा माझं, एकदा त्याचं.

जेवायच्या टेबलावर बाईंनी नेहमीसारख्या हाका दिल्या. बाई म्हणजे आमच्या कप्तान. या जहाजावर कुणाला नावानं बोलवत नाहीत, कामानं बोलवतात. डॉक्टर? आहे. मेकॅनिक? आहे — अण्णांचं ‘आहे’ कायम घासाबरोबरच बाहेर येतं. हवावाली? आहे. ती मी. जहाजातली हवा माझ्याकडे — शेवाळाच्या टाक्या, गाळण्या, पंखे. मग बाई म्हणाल्या, वाटाड्या? आणि टेबलावर सगळे चमच्यांकडे बघत बसले.

ही रीत बाईंनी त्यांच्या जुन्या जहाजावरून आणलेली. माणूस बाहेर गेला आणि परत आला नाही, तरी बंदर लागेपर्यंत त्याची हाक बंद करायची नाही. त्याच्या सगळ्यात जवळच्यानं त्याच्या वतीनं ‘आहे’ म्हणायचं. बंदरात शेवटची हाक द्यायची, तिला कुणी उत्तर द्यायचं नाही. तेव्हा तो गेला असं धरायचं. त्याआधी नाही.

मला वाटलं अण्णा म्हणतील. पोटच्या पोरासारखं वागवायचे त्याला, म्हणजे सकाळ-संध्याकाळ झापायचे. पण अण्णा माझ्याकडे बघून म्हणाले, “तू म्हण, पोरी.”

म्हणजे यांना माहीत होतं! आम्ही दोघांनी वर्षभर एवढी काळजी घेतली. एकाच वेळी जेवणघरात यायचं नाही, एकमेकांकडे बघायचं नाही. झाकली मूठ म्हणे! डॉक्टर तर चक्क हसल्यासारख्या झाल्या, मग त्यांनी तोंड फिरवलं.

म्हटलं, आहे. आवाज माझाच होता, पण दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा वाटला.

शेवटी बाई स्वतःचं ‘आहे’ स्वतःच म्हणतात. पाच झाले. जेवण सुरू झालं. मी जेवले. सगळं जेवले.

४ मे

काय झालं ते लिहून ठेवते. मग परत त्यावर लिहायचं नाही.

वाटेत अवकाशात तरंगणाऱ्या दगडांचा एक पट्टा लागतो. आम्ही त्याला खडी म्हणतो. तिथून जाताना वाटाड्यानं छोटी होडी घेऊन पुढे जायचं, मोकळी वाट बघायची, मागून जहाजानं जायचं. तो दर वेळी जातो. दर वेळी होडीत बसून बडबडत असतो, बाई ओरडतात की कामाचं बोल. या वेळीही बडबडत होता. टोमॅटोबद्दल. मध्येच आवाज तुटला आणि होडीच्या मागच्या बाजूला उजेड झाला. नंतर दगड आमच्यावरही आले. बोलायची मोठी अँटेना गेली. ऐकायची राहिली. म्हणजे नाक्यावरचं, या वाटेवरच्या चौकीचं, बोलणं आम्हाला ऐकू येतं, आमचं त्यांना जात नाही. जहाज शाबूत आहे एवढी आपोआप जाणारी खूण तेवढी रोज संध्याकाळी जाते.

होडीत निजपेटी असते. माणूस तिच्यात शिरला की पेटी त्याला गार करून झोपवते, श्वास अगदी थोडा पुरतो, महिना सव्वा महिना निभतं. डॉक्टरांनी लगेच तेच विचारलं. अण्णा म्हणाले, पेटी मागच्या भागात असते. उजेड मागेच झाला.

जहाजाला मागे वळवायला इंधन नाही. बाईंनी तरी जेवढं जमेल तेवढा वेळ जहाज थोपवलं. आम्ही चौघं चार खिडक्यांना डोळे लावून उभे. शेवटी बाईच म्हणाल्या की निघायला हवं, नाहीतर बंदर गाठणार नाही. त्यांचं चुकलं नाही. मी पण तेच केलं असतं.

झालं. लिहिलं.

५ मे

टाक्या धुतल्या. दोन गाळण्या बदलल्या. काही वाटत नाही.

७ मे

डॉक्टरांनी बोलावून घेतलं. झोप लागते का? लागते. भूक? आहे. रडलीस का? नाही. मग त्यांनी माझ्या बोटाला सुई टोचली. कळलं का, म्हणाल्या. म्हटलं, कळलं. मग ठीक आहे म्हणाल्या आणि त्यांचेच डोळे भरून आले. मला कसंतरीच झालं. डॉक्टरांना पाणी आणून दिलं. रुग्ण कोण आणि डॉक्टर कोण!

खरं सांगायचं तर त्यांनी टोचलेलं नीट कळलं नव्हतं. रक्त दिसलं म्हणून कळलं म्हटलं.

९ मे

आज टाक्यांच्या खोलीत पंखा साफ करताना दाराशी कुणीतरी उभं आहे असं वाटलं. कुणी नव्हतं.

तो इथेच यायचा. सुरुवातीला तक्रार घेऊन — माझ्या खोलीत गुदमरल्यासारखं होतं, हवा कमी सोडतेस का? मी बिचारी मीटर घेऊन त्याच्या खोलीत गेले. हवा उत्तम. दुसऱ्या दिवशी परत तेच. तिसऱ्या दिवशी मी नवीन गाळणी लावून दिली. चौथ्या दिवशी परत हजर! तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. म्हटलं, इथे बस, इथली हवा चांगली आहे. बसला. मग रोजच बसायला लागला. बसल्या जागी स्वस्थ बसणार नाही — डबे हलव, बाटल्या इकडच्या तिकडे कर. त्याच्या मागून सगळं जागेवर ठेवायचं हे माझं एक कामच झालं होतं.

आता सगळं जागच्या जागी आहे. वैताग आहे नुसता.

१० मे

हजेरी. आहे, आहे. पाच.

अण्णांनी आज माझ्या ताटात त्यांच्यातला अर्धा बटाटा सारला.

१२ मे

टोमॅटोवरून डॉक्टरांशी वाजलं.

टाक्यांच्या कडेला मी चार रोपं लावली आहेत. हवेसाठी नाही, हौसेसाठी. त्यातल्या एका हिरव्या टोमॅटोवर त्यानं हक्क सांगितला होता. हा पिकला की माझा, दुसऱ्या कुणी हात लावला तर बघा. होडीत जाताना शेवटचं बोलणं तेच चाललं होतं. तो पिकला. लालभडक झाला. आता मऊ पडायला लागला आहे. डॉक्टर म्हणाल्या, काढ तो, सडला तर रोपाला कीड लागेल. मी म्हटलं, राहू दे. त्या म्हणाल्या, अगं वेडे, टोमॅटो राहून तो येणार आहे का? म्हटलं, तुम्ही तुमच्या गोळ्या सांभाळा.

असं मी डॉक्टरांशी कधी बोलले नव्हते. इथे आले तेव्हा माझ्याकडे एक पिशवी होती आणि मागे परत जायला दार नव्हतं. बाईंनी बॉयलरशेजारची खोली दिली, म्हणाल्या, आवाज येतो पण ऊब असते. डॉक्टरांनी त्यांची एक शाल दिली ती अजून परत मागितलेली नाही. अण्णा आठवडाभर मला ‘ओ नवीन’ म्हणत होते, मग एकदम पोरीवर आले. इथल्या सगळ्यांनाच कुठून ना कुठून बाहेर काढलेलं आहे. म्हणून कुणी कुणाला आधीचं विचारत नाही.

संध्याकाळी जाऊन डॉक्टरांची माफी मागितली. त्या म्हणाल्या, कसली माफी, वाढ मला.

१५ मे

आज टोमॅटो खाल्ला. का, ते माहीत नाही. पंखा पुसता पुसता हात गेला, तोडला, उभ्या उभ्या खाल्ला. आंबट होता. रस मनगटावरून कोपरापर्यंत आला. तो पुसला आणि परत पंखा पुसायला घेतला.

रात्रीच्या हजेरीला बाईंनी हाक दिली, वाटाड्या? आणि मला म्हणता आलं नाही. ठरवून नाही. रडूही आलं नाही. शब्द जिभेवर आला आणि तिथेच बसून राहिला. बाई थांबल्या. परत म्हणाल्या, वाटाड्या? मी ताटाकडे बघत राहिले. बाईंनी मग हळूच स्वतःचं ‘आहे’ म्हटलं.

अण्णांनी चमचा खाली ठेवला.

“बंदर लागलं का, पोरी?”

एवढंच. आणि उठून गेले. ताट तसंच. अण्णा जेवणावरून उठले असं मी कधी पाहिलेलं नाही.

बाई म्हणाल्या, जाऊ दे, दमली आहेस. पण त्यांनीही माझ्याकडे बघितलं नाही. मला वाईट वाटायला हवं होतं. मी टेबल पुसलं.

१६ मे

आज सगळं क्रमानं लिहिते.

सकाळी कंट्रोलमधला स्पीकर खरखरला. नाक्यावरचा माणूस — आम्ही त्याला जांभईवाला म्हणतो, कारण तो प्रत्येक वाक्याआधी एक देतो. आज दिली नाही. तो जे बोलला ते बाईंनी तीनदा लावून ऐकवलं, म्हणून पाठ झालं आहे:

“परवापर्यंत तुमची पाच माणसं दाखवत होतं, काल चार. खडीनंतर तुमचं बोलणं बंद आहे. ऐकू येत असेल तर आजच्या हजेरीत सांगा. यंत्राची चूक असेल तर पाच येऊ द्या. माणूस जहाजावर दगावला असेल तर चार. खडीत हरवला असेल तर तीन. तीन आले तर मी शोधहोडी काढतो.”

कुणाला काही कळेना. हजेरीतून सांगायचं म्हणजे काय? ती तर आमची घरची रीत. नाक्याचा काय संबंध?

अण्णा मात्र पांढरे पडले. स्टूल घेऊन जेवणघरात गेले, टेबलावरच्या दिव्याची टोपी काढली. आत धुळीनं माखलेला एक बारका मायक्रोफोन. अण्णांनीच बसवलेला, मी यायच्या किती तरी आधी. रोज संध्याकाळच्या खुणेबरोबर माणसांचा आकडा पाठवायचा असतो. बाईंना ते बटण दाबायचा कंटाळा. विसरायच्या आणि नाक्याच्या शिव्या खायच्या. म्हणून अण्णांनी जुगाड केलं — बाई नाहीतरी हाका देतातच, तर टेबलावर जेवढे ‘आहे’ ऐकू येतील तेवढी माणसं मोजून यंत्रानं आपोआप कळवावीत. जुगाड इतकं बिनबोभाट चाललं की दोघंही ते विसरून गेले.

मग सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं. डॉक्टर म्हणाल्या, “म्हणजे आपण त्यांना रोज सांगत होतो की तो इथेच आहे.”

आपण नाही. मी. खडीच्या त्या संध्याकाळपासून मी रोज ‘आहे’ म्हणत होते आणि नाक्यावर शोधहोडी रोज नुसती उभी होती.

अण्णा स्टुलावरच बसून राहिले. बाई त्यांच्याजवळ गेल्या आणि म्हणाल्या, बटणाचा कंटाळा माझा, रीत माझी, तुमच्या एकट्याच्या डोक्यावर घेऊ नका. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, तुझ्याही नाही. मला ते ऐकू आलं. आत काही पोचलं नाही.

पेटी मागच्या भागात होती. उजेड मागे झाला. सगळ्यांना माहीत आहे. तरी ठरलं — तीन.

तीन यायचे तर त्याच्याशिवाय आणखी एकानं गप्प राहायला हवं. अण्णा म्हणाले, मूग गिळायचं काम मला द्या. डॉक्टर म्हणाल्या, तुम्हाला? जन्मात जमलंय का? एरवी यावर अर्धा तास भांडण झालं असतं.

संध्याकाळी हजेरी. कुणी जेवण वाढून घेतलं नाही. डॉक्टर? आहे. मेकॅनिक? अण्णांनी दोन्ही हात तोंडावर दाबून धरलेले, डोळ्यांतून पाणी. हवावाली? आहे. आणि मग बाईंचा आवाज फाटला, पण त्यांनी हाक दिली. वाटाड्या?

काल मला जो शब्द म्हणता आला नाही तो आज आपसूक बाहेर यायला लागला. दात त्याच्यावर मिटून धरले. डॉक्टरांनी टेबलाखालून माझा हात पकडला, नखं रुतली. या वेळी कळलं.

“कप्तान आहे,” बाई म्हणाल्या. तीन.

१७ मे

जांभईवाला बोलला. शोधहोडी निघाली. खडी नाक्यापासून जवळ आहे, पण सगळी धुंडाळायला वेळ लागेल, आशा फार ठेवू नका म्हणाला. मग म्हणाला, आधी का नाही कळवलंत. आम्हाला उत्तर देता येत नाही हे एक बरं आहे.

२० मे

अण्णा माझ्या खोलीत आले. हातात पाना, म्हणजे बहाणा. बॉयलरचा आवाज बघतो म्हणाले. बघितला नाही. खाटेच्या कडेला बसले आणि म्हणाले की पंधरा तारखेला तुला जे बोललो ते परत घेतो. मी म्हटलं, तुमचं बरोबर होतं, बंदर लागलं नव्हतं. ते म्हणाले, नव्हतं ना, पण तू गप्प बसलीस म्हणून होडी निघाली, मी असतो तर शेवटच्या दिवसापर्यंत ‘आहे आहे’ करत बसलो असतो.

मी त्यांना टोमॅटोचं सांगितलं. खाल्ला म्हणून. अण्णांनी हातातला पाना उलटासुलटा केला. मग म्हणाले, “तो आला तर मी तुझ्या बाजूनं खोटं बोलेन.”

मला हसू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. पण येईल असं वाटलं तरी.

मग एकाएकी भीती वाटायला लागली. त्याला शेवटपर्यंत वाटलं असेल की आम्ही कुणालातरी सांगू. पेटीत शिरताना — शिरला असेल तर — त्याला वाटलं असेल, हवावाली आहे, ती शांत बसणार नाही. आणि मी इथे टाक्या धूत होते. ही भीती जात नाही. आधीचं काही न वाटणं सोपं होतं.

२२ मे

हजेरीत त्याची हाक चालू आहे. आता कुणी उत्तर देत नाही. बाई थोडं थांबतात आणि पुढे जातात. त्या थांबण्यातच सगळ्यांचं जेवण निवतं.

२३ मे

काही नाही.

२५ मे

जांभईवाला: होडीचा मागचा भाग सापडला. जळालेला. पेटी नाही.

अण्णा म्हणाले, पेटी नाही म्हणजे? जळाली तर सांगाडा राहतो. डॉक्टर म्हणाल्या, गप्प बसा. अण्णा म्हणाले, गप्प कसा बसू. दोघं बोलत राहिले. मी जाऊन गाळण्या मोजल्या. मग परत मोजल्या.

२७ मे

पुढचा भाग सापडला!

पेटी त्यात आहे. बंद आहे. दिवा चालू आहे. वाटेत उघडणार नाहीत, नाक्यावर नेऊन तिथल्या डॉक्टरच्या देखत उघडतील. उद्या पोचतील. आत माणूस आहे, जिवंत की नाही ते उघडल्यावर सांगू, असं जांभईवाला म्हणाला. हळू म्हणाला.

पेटी पुढे कशी आली? अण्णांनी कपाळावर हात मारून घेतला. मागच्या खेपेला यावरूनच त्यांनी त्याला फाडून खाल्लं होतं. पाय लांब करायला जागा होत नाही म्हणून यानं पेटी मागून पुढे ओढून घेतली होती आणि तिच्यावर पाय टाकून बसायचा. अण्णांनी बजावलं होतं, परत जागेवर ठेव, होडीचा तोल जातो. ठेवतो म्हणाला होता. ठेवली नाही. आयुष्यात एक वस्तू जागेवर ठेवली नाही या माणसानं.

अण्णा हसत होते की रडत होते ते मला सांगता येत नाही. डॉक्टर सांगत बसल्या की इतके दिवस गार राहिलेलं शरीर उठतंच असं नाही, दहातले काही उठत नाहीत. बाई म्हणाल्या, पुरे.

मी त्याची खोली उघडली. पहिल्यांदाच. मीटरनं हवा बघितली. उत्तम आहे.

२८ मे

दिवसभर स्पीकर गप्प.

२९ मे

आजही दिवसभर गप्प. संध्याकाळी हजेरी. डॉक्टर, आहे. मेकॅनिक, आहे. हवावाली, आहे. बाई म्हणाल्या, वाटाड्या? आणि नेहमीसारख्या थांबल्या. आम्ही सगळे तोंडं मिटून.

जेवणघरातला स्पीकर खरखरला.

“आहे.” घोगरा, दमलेला. “माझा टोमॅटो पिकला का?”

नाक्यावरून आवाज इथे यायला वेळ लागतो. म्हणजे बाई कधी हाक देतील याचा हिशेब करून तो आधीच बोलून बसला होता. वाटाड्याच तो. बाईंनी स्वतःचं ‘आहे’ म्हटलं आणि यंत्रानं पाच मोजले.

मी रडतेय. थांबतच नाही. डॉक्टर म्हणतात, थांबवू नको.

त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही की टोमॅटो मी खाल्ला.